वनस्पतिज जेलांची पारख : चित्र, आकडा आणि साक्ष

सब्जाच्या चिमूटभर बिया वाटीभर पाण्यात टाकल्या, की काही मिनिटांतच प्रत्येक बियेभोवती एक पारदर्शक, बुळबुळीत कवच तयार होते. इसबगोलाचा भुसा, भिजविलेली मेथी, जवस, चिरलेली भेंडी, उत्तर भारतात उन्हाळ्यात सरबतात घालतात तो गोंद कतीरा, या सर्वांच्या अंगी हाच गुण कमीअधिक प्रमाणात आढळतो. वनस्पतींच्या शरीरातील काही द्रव्ये स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषून घेतात, आणि ते पाणी ओघळून न जाता त्यांच्या ठायी स्थिर राहते. अशा पाणीदार परंतु आकार धरून राहणाऱ्या पदार्थास शास्त्रात हायड्रोजेल म्हणतात. त्याची घटना समजण्यास अवघड नाही. साखरेच्या शेकडो, हजारो घटकांनी बनलेल्या लांबलचक रेणुसाखळ्या ठिकठिकाणी एकमेकींशी गुंतलेल्या किंवा बांधलेल्या असतात. त्यांची एक जाळी होते आणि त्या जाळीत पाणी अडकून पडते.

गेल्या काही दशकांत या साध्या पदार्थाकडे संशोधकांचे लक्ष मोठ्या प्रमाणावर वेधले गेले आहे. जखमेवरील ओलसर पट्ट्या, औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या, कोरडवाहू जमिनीत पाणी राखून ठेवणारे कण अशा अनेक कामांसाठी गवार, चिंचोका, इसबगोल, पिष्ट आणि सेल्युलोज यांपासून नवी नवी जेले तयार करण्यात येत आहेत. अशा प्रत्येक जेलाच्या वृत्तांतात दोन पुरावे बहुधा हटकून आढळतात. पहिला पुरावा म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेले, मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रे दाखविणारे एक सुरेख चित्र. दुसरा पुरावा म्हणजे 'स्फटिकता इतके टक्के' असा एक आकडा. छिद्रे पुष्कळ आहेत म्हणून जेल पुष्कळ पाणी धरील, आणि स्फटिकता कमी आहे म्हणून ते लवकर फुगेल, असा निष्कर्ष या दोहोंवरून काढला जातो.

हे दोन्ही पुरावे मोलाचे आहेत यात शंका नाही. परंतु ते ज्या वस्तूविषयी साक्ष देतात ती वस्तू बहुतेक वेळा ओले जेल नसून त्या जेलाचा वाळविलेला सांगाडा असतो. वाळविण्याची क्रिया पृष्ठरचनाही बदलते आणि स्फटिकताही बदलते. म्हणून नमुना कसा वाळविला व आकडा कसा काढला हे सांगितल्यावाचून दिलेले चित्र आणि दिलेली टक्केवारी ही अर्धी साक्ष होय. आणि अर्ध्या साक्षीवर शेतकऱ्याचे शेत किंवा रोग्याची जखम सोपविणे उचित नव्हे. हे मत का ग्राह्य मानावे, याचा विचार क्रमाने करावयास हवा.

डिंकात स्फटिक कोठून आला?

टॉमस ग्रॅहम या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ साली पदार्थांची दोन कुळे कल्पिली होती. मीठ, साखर यांसारखे पदार्थ पातळ पडद्यातून चटकन पार होतात व सुकल्यावर त्यांचे स्फटिक बनतात. डिंक, पिष्ट, सरस यांसारखे पदार्थ फार सावकाश पसरतात व सुकल्यावर त्यांचा चिकट किंवा काचेसारखा गोळा होतो. पहिल्या कुळास त्याने स्फटिकाभ म्हटले आणि दुसऱ्यास सरस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिले. मराठीत त्यासच कलिल म्हणतात. डिंक आणि स्फटिक ही जणू दोन निराळी जगे आहेत, अशी या विभागणीमागील धारणा होती.

परंतु निसर्ग माणसाने आखलेल्या सीमा पाळीत नाही. पिष्टाच्या कणांत बारीक स्फटिकमय भाग असावेत असा तर्क कार्ल नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५८ मध्येच मांडला होता. १९१२ साली माक्स फोन लाउए यांच्या सूचनेवरून झालेल्या प्रयोगात स्फटिकांमधून क्ष-किरणांचे विवर्तन होते हे सिद्ध झाले. त्यानंतर विल्यम हेन्री ब्रॅग आणि विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी त्या विवर्तनावरून अणूंच्या थरांतील अंतर मोजण्याची रीत बसविली. १९१३ मध्ये निशिकावा आणि ओनो या जपानी संशोधकांनी वनस्पतींच्या तंतूंतून क्ष-किरण सोडले, तेव्हा तेथेही सुव्यवस्थित रचनेची खूण उमटली. लाकूड, कापूस, ताग यांच्या मऊ, लवचीक धाग्यांत स्फटिक दडलेले होते!

याचा उलगडा एका परिचित दृश्याच्या साहाय्याने करता येईल. ज्वारीची कापणी झाल्यावर शेतात काही कडबा अस्ताव्यस्त पडलेला असतो आणि काही पेंढ्यांत बांधलेला असतो. ताटे तीच, परंतु पेंढीत ती समांतर व घट्ट लागून असतात, मोकळ्या कडब्यात ती वाटेल तशी पसरलेली असतात. रेणुसाखळ्यांचे असेच आहे. जेथे त्या समांतर रचल्या जातात तो भाग स्फटिकमय आणि जेथे त्या मोकाट असतात तो भाग अस्फटिकी. मात्र रेणुसाखळी ज्वारीच्या ताटाहून फारच लांब असते. तिचे एक टोक एका पेंढीत, मधला भाग मोकळा आणि दुसरे टोक दुसऱ्या पेंढीत, अशी स्थिती संभवते. एकूण द्रव्यापैकी किती भाग पेंढ्यांत आहे याचे प्रमाण म्हणजे स्फटिकता.

पाण्याचा शिरकाव प्रथम मोकळ्या भागात होतो. पेंढ्यांत साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात, की पाण्यास तेथे सहसा वाव मिळत नाही. याचे उत्तम उदाहरण काही शेंगवर्गीय वनस्पतींच्या बियांत मिळते. मेथी, गवार, कॅरब आणि टाकळा या चारही वनस्पतींच्या बियांतील अन्नसाठा मॅनोज नावाच्या शर्करेच्या सरळ साखळीचा बनलेला असून तिला गॅलॅक्टोज या शर्करेच्या आखूड फांद्या असतात. मेथीत सुमारे प्रत्येक मॅनोजघटकास एक फांदी असते. गवारीत दोन घटकांस एक, कॅरबमध्ये सुमारे चारांस एक आणि टाकळ्यात सुमारे पाचांस एक. फांद्या दाट असल्या म्हणजे साखळ्या एकमेकींजवळ येऊ शकत नाहीत, पेंढ्या बांधल्या जात नाहीत, आणि पाणी सहज आत शिरते. म्हणूनच गवारीचे पीठ थंड पाण्यात विरघळते, तर कॅरबचा किंवा टाकळ्याचा डिंक चांगला विरघळण्यास पाणी तापवावे लागते.

परंतु यावरून स्फटिकता हा दोष आणि तिचा अभाव हा गुण, असे समजणे चूक ठरेल. सर्व साखळ्या मोकळ्या असल्या तर पदार्थ विरघळून जाईल. जेल राहणारच नाही. पेंढ्या या जाळीच्या गाठी असतात. सब्जाच्या बियेभोवतीचे कवच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता त्यात सेल्युलोजचे बारीक तंतू बियेपासून बाहेरच्या दिशेने पसरलेले आढळतात. मऊ द्रव्यास त्यांचाच आधार असतो. पुष्कळ पाणी हवे आणि आकारही टिकावयास हवा, तर मोकळीक आणि बंधन यांचा मेळ साधावा लागतो. म्हणून स्फटिकता मोजणे आवश्यक आहे, आणि म्हणूनच ती चुकीची मोजली तर होणारे नुकसानही मोठे आहे.

आकड्यामागील कहाणी

स्फटिकता मोजण्याची प्रचलित रीत अशी. नमुन्याची पूड करून तिच्यावर ठरावीक तरंगलांबीचे क्ष-किरण सोडतात. तांब्यापासून मिळणारे किरण बहुधा वापरले जातात. त्यांची तरंगलांबी सुमारे ०.१५४ नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पेंढ्यांतील साखळ्यांचे थर ज्या अंतरावर असतात त्या अंतरानुसार विशिष्ट कोनांत किरणांची तीव्रता वाढते व आलेखावर उंच शिखर उमटते. कापसाच्या सेल्युलोजचे मुख्य शिखर सुमारे २२.६ अंशांवर येते. त्यावरून थरांतील अंतर सुमारे ०.३९ नॅनोमीटर निघते. मोकळ्या साखळ्या मात्र शिखर न उमटविता एक रुंद, बसका उंचवटा निर्माण करतात.

आता शिखर आणि उंचवटा यांची वाटणी कशी करावयाची? सेगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली कापसासाठी एक सोपी रीत सुचविली. मुख्य शिखराची उंची घ्यावी, सुमारे १८ अंशांवरील खोलगट जागेची उंची तीतून वजा करावी, आणि उरलेल्याचे शिखराशी शेकडा प्रमाण काढावे. ही रीत इतकी सुटसुटीत आहे, की ती जगभर रूढ झाली. परंतु सोपेपणा ही अचूकतेची हमी नव्हे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सेल्युलोजचे आठ नमुने चार निरनिराळ्या रीतींनी तपासण्यात आले. शिखराच्या उंचीवर आधारलेल्या या सोप्या रीतीचे आकडे इतर रीतींपेक्षा बरेच जास्त आले. एकाच शुद्ध सेल्युलोजच्या पुडीस या रीतीने ९० टक्क्यांहून अधिक स्फटिकता मिळाली, तर दुसऱ्या रीतींनी ६० टक्क्यांच्या आसपास! वस्तू एकच, फरक पडला तो मापनरीतीमुळे. यावरून 'स्फटिकता अमुक टक्के' हे विधान रीतीचा उल्लेख केल्यावाचून किती पोकळ ठरते, हे ध्यानात येईल. शिवाय ही रीत कापसाच्या सेल्युलोजसाठी सुचविलेली आहे. ती गवारीच्या किंवा इसबगोलाच्या जेलास जशीच्या तशी लावणे म्हणजे धान्य मोजण्याच्या पायलीने कापड मोजण्यासारखे होय.

दुसरी अडचण वाळविण्याची. जेलात पाणी पुष्कळ असते आणि पाण्याचा स्वतःचा रुंद उंचवटा आलेखावर उमटतो. त्यात जेलाची नाजूक शिखरे झाकली जातात. म्हणून नमुना वाळवितात. परंतु पाणी निघून जाऊ लागले, की मोकळ्या साखळ्या एकमेकींजवळ ओढल्या जातात आणि त्यांतील काही कायमच्या जुळतात. उन्हात किंवा भट्टीत वाळविलेला सेल्युलोजचा लगदा पुन्हा भिजविला असता पूर्वीइतका फुगत नाही, हा कागदाच्या कारखान्यांतील जुना अनुभव आहे. पिष्टाच्या बाबतीत तर नुसता काळही पुरेसा होतो. ज्वारीचे पीठ गरम पाण्यात मळून भाजले, की पिष्टाच्या कणांतील स्फटिकमय रचना बव्हंशी मोडते. दुसऱ्या दिवशी तीच भाकरी कडक लागते, कारण तिच्यातील पाणी काही अंशी निघून गेलेले असतेच, परंतु साखळ्याही पुन्हा जुळू लागलेल्या असतात. डच शास्त्रज्ञ काट्झ यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने शिळ्या पावाचा अभ्यास करून ही गोष्ट १९३० च्या सुमारास दाखवून दिली होती. तेव्हा पिष्टाच्या जेलाची स्फटिकता सांगताना ते किती दिवसांचे आहे हे न सांगणे म्हणजे भाकरी ताजी की शिळी हे न सांगता तिच्या मऊपणाचा दाखला देणे होय.

तिसरी अडचण परक्या स्फटिकांची. वनस्पतिज जेलात वनस्पतीची इतर द्रव्ये राहून जाऊ शकतात. अळूची पाने किंवा कांदे नीट न शिजविता खाल्ले तर घसा खवखवतो, तो कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. असे स्फटिक अनेक वनस्पतींत असतात. जेल बनविताना वापरलेल्या रसायनांतून मीठही तयार होते, आणि ते पूर्ण धुतले गेले नाही तर त्याचे टोकदार शिखर सुमारे ३१.७ अंशांवर उमटते. असे शिखर पाहून जेल स्फटिकमय आहे असा निर्णय देणारा परीक्षक वास्तविक न धुतलेल्या मिठाचेच मोजमाप करीत असतो. संपूर्ण आलेख छापला असेल तर जाणता वाचक ही चूक ओळखू शकतो. केवळ आकडा छापला असेल तर ती कायमची दडून राहते.

छिद्रे कोणाची?

पृष्ठरचना पाहण्यासाठी वापरला जाणारा क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हे विसाव्या शतकातील एक अद्भुत साधन आहे. इलेक्ट्रॉनांची बारीक शलाका नमुन्याच्या पृष्ठभागावरून ओळीओळीने फिरविली जाते आणि तेथून परतणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून चित्र तयार होते. केंब्रिज येथे चार्ल्स ओटली यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या कामातून १९६५ साली हे यंत्र बाजारात आले. परंतु इलेक्ट्रॉनांना वाटचाल करण्यासाठी निर्वात जागा हवी असते. तेथे ओले जेल ठेवले तर त्यातील पाणी उकळून निघून जाईल. म्हणून जेल गोठवितात, त्यातील बर्फाची निर्वातात सरळ वाफ होऊ देतात, आणि उरलेल्या कोरड्या सांगाड्यावर सोन्याचा पातळ मुलामा देऊन त्याचे चित्र घेतात.

या कृतीत काय घडते हे पाहिले पाहिजे. पाणी गोठू लागले की बर्फाचे स्फटिक वाढतात आणि वाटेत येणाऱ्या रेणुसाखळ्यांना बाजूला रेटतात. त्या साखळ्या दोन स्फटिकांमधील फटीत दाटीने गोळा होतात व तेथे भिंती तयार होतात. पुढे बर्फ निघून गेला, की त्याच्या जागी पोकळी राहते. चित्रात दिसणारे सुंदर पोळे बहुतांशी हेच असते. ओल्या चिखलात गुरे चालून गेली आणि चिखल वाळला, तर खुरांचे खळगे राहतात; ते चिखलाच्या मूळ घडणीचे लक्षण नव्हे. सावकाश गोठविले तर बर्फाचे स्फटिक मोठे आणि छिद्रेही मोठी. झटकन गोठविले तर दोन्ही लहान. म्हणजे एकाच जेलाची लहान किंवा मोठी छिद्रे प्रयोगकर्त्यास हवी तशी मिळविता येतात.

मापांचा हिशेबही हेच सांगतो. फुगलेल्या जेलाच्या खऱ्या जाळीतील अंतरे साधारणतः काही नॅनोमीटरपासून शंभरेक नॅनोमीटरपर्यंत असतात. चित्रांतील छिद्रे बहुधा दहा ते शंभर मायक्रोमीटरची, म्हणजे दहा हजार ते एक लाख नॅनोमीटरची असतात. ज्या छिद्रांत औषधाचा रेणू अडकेल असे सांगितले जाते, ती त्या रेणूच्या मानाने रिकाम्या मैदानाएवढी असतात. त्यांच्यावरून औषध किती हळू सुटेल याचे अनुमान करणे निराधार आहे. शिवाय चित्र किती जागेचे आहे हाही प्रश्न उरतोच. शंभर मायक्रोमीटर लांब व तितक्याच रुंद जागेचे चित्र घेतले, तर एक चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर अशी दहा हजार चित्रे मावतील. त्यांतील सर्वांत देखणे एक छापले जाते. उरलेली कशी होती हे कोण सांगणार?

तुलना तरी खरी ना?

यावर अनेक संशोधक एक उत्तर देतात आणि ते विचारात घेण्याजोगे आहे. त्यांचे म्हणणे असे, की चित्रे आणि आकडे निरपेक्ष सत्य म्हणून घेऊ नयेत. सर्व नमुने एकाच रीतीने वाळविले असतील तर त्यांची आपसांतील तुलना ग्राह्य ठरते. या म्हणण्यात तथ्य आहे. कच्ची गवार आणि तिच्यापासून बनविलेले जेल एकाच रीतीने तपासले व दुसऱ्यातील शिखर बसके झाले, तर साखळ्यांची व्यवस्था बदलली एवढे निश्चित म्हणता येते. परंतु तेवढ्यानेही सर्व शंका मिटत नाहीत. ज्या जेलात गाठी कमी, ते अधिक फुगते; जे अधिक फुगते, त्यात पाणी अधिक; ज्यात पाणी अधिक, त्यात गोठविताना बर्फाला वाढण्यास अधिक वाव. दोन नमुने एकाच रीतीने गोठविले तरी बर्फ दोहोंत सारखा वाढत नाही. अशा वेळी तुलना जेलांची होते की बर्फाची, हे निराळ्या पुराव्यावाचून कळत नाही.

सुदैवाने निराळे पुरावे उपलब्ध आहेत. पाण्याची थोडी वाफ राहू देऊन ओलसर नमुना पाहता येईल असे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक निघाले आहेत. पाणी इतक्या वेगाने थंड करता येते, की त्यास स्फटिक होण्यास अवधीच मिळत नाही व ते काचेसारखे थिजते. या तंत्राच्या विकासाबद्दल झाक ड्युबोशे यांना २०१७ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघा सहशास्त्रज्ञांसमवेत मिळाले. १९८६ मध्ये अवतरलेला अणुबल सूक्ष्मदर्शक एका अतिसूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपतो आणि पाण्याखालीही काम करतो. स्फटिकतेसाठी चुंबकीय अनुस्पंदनाची रीत आहे. आणि भारताला विशेष अभिमान वाटावा अशी रामन परिणामावर आधारलेली रीतही आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्ता येथे लागलेल्या या शोधाचा एक उपयोग असा, की पाण्याचे स्वतःचे रामन प्रकीर्णन क्षीण असल्याने ओल्या पदार्थाची रचनाही तपासता येते. न्यायालयात एका साक्षीदाराच्या जबानीस दुसऱ्याची पुष्टी मागतात. प्रयोगशाळेने त्याहून कमी दक्षता बाळगण्याचे कारण नाही.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे

अमेरिकेतील पीओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात मक्याच्या पिष्टावर कृत्रिम साखळ्यांचे कलम करून शेकडो पट पाणी शोषणारा पदार्थ तयार करण्यात आला, तेव्हापासून शेतजमिनीत जेल मिसळण्याची कल्पना रूढ झाली. भारतातही दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने सेल्युलोजवर आधारलेले 'पुसा हायड्रोजेल' विकसित केले आहे. पाऊस लांबला असता जमिनीतील ओल काही दिवस अधिक टिकावी, एवढीच या पदार्थांकडून कोरडवाहू शेतकऱ्याची अपेक्षा असते. त्या दिवसांवर त्याचे पीक अवलंबून असते. शुद्ध पाण्यात शेकडो पट फुगणारे विद्युद्भारित जेल क्षारयुक्त पाण्यात त्याच्या लहानशा अंशाइतकेच फुगते, आणि जमिनीतील पाणी शुद्ध नसते. पुड्यावरील सुरेख छिद्रांचे चित्र या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

'वनस्पतिज' या शब्दाविषयीही सावध असावे. पिष्टावर कृत्रिम साखळ्यांचे कलम केले की पिष्टाची शिखरे बहुधा बसकी होतात. तेवढ्यावरून तो पदार्थ मातीत पूर्णपणे कुजून जाईल असे सिद्ध होत नाही. पिष्टाचा भाग जंतू खातील. कृत्रिम भागाचे काय होते हे स्वतंत्रपणे तपासावे लागेल. स्फटिकतेचा आलेख रचना सांगतो, जमिनीतील पुढचे आयुष्य सांगत नाही.

यात राष्ट्रीय हिताचाही भाग आहे. जगातील गवारीचे बहुतांश उत्पादन भारतात, आणि त्यातही प्रामुख्याने राजस्थानात होते. गुजरातेतील उंझा येथून इसबगोल देशोदेशी जातो. अमेरिकेतील तेल व वायूच्या विहिरींत गवारीच्या डिंकाची मागणी एकाएकी वाढल्यामुळे २०११-१२ मध्ये त्याचे भाव इतके भडकले, की मार्च २०१२ मध्ये वायदेबाजारातील त्याचे व्यवहार थांबवावे लागले. पुढे भाव कोसळले आणि त्याची झळ उत्पादकांना सोसावी लागली. केवळ कच्चा माल विकणाऱ्याच्या नशिबी असे हेलकावे असतात. त्या मालाचे विश्वसनीय औषधी किंवा शेतकी जेलात रूपांतर करावयाचे, तर विश्वास हीच पहिली गरज आहे, आणि विश्वास चोख परीक्षेतून निर्माण होतो.

म्हणून सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेने काही साधे नियम स्वतःहून पाळावेत. नमुना कोणत्या रीतीने, किती वेगाने गोठविला व किती काळ वाळविला हे नोंदवावे. स्फटिकतेच्या आकड्याबरोबर तो काढण्याची रीत द्यावी आणि संपूर्ण आलेख छापावा. कच्च्या द्रव्याची व जेलाची परीक्षा एकाच वेळी, एकाच रीतीने करावी. एका देखण्या चित्राऐवजी निरनिराळ्या जागांची अनेक चित्रे पाहून मोजमाप द्यावे. आणि ओल्या स्थितीतील एक तरी परीक्षा, शुद्ध पाण्यात तसेच क्षारयुक्त पाण्यात, अवश्य जोडावी. यांपैकी बहुतेक गोष्टींना नवे यंत्र लागत नाही; लागतो तो प्रामाणिक नोंदीचा परिपाठ.

हा परिपाठ शाळेतही लावता येतो. चहाच्या कागदी पिशवीत ठरावीक वजनाचा इसबगोलाचा भुसा घालून ती तासभर पाण्यात बुडवावी, निथळू द्यावी व तोलावी. तशीच दुसरी पिशवी मिठाच्या पाण्यात ठेवून तोलावी. रिकाम्या भिजलेल्या पिशवीचे वजन वजा करण्यास विसरू नये. मग तोच भिजलेला भुसा उन्हात पूर्ण वाळवून पुन्हा भिजवावा आणि पहिल्याइतके पाणी धरतो का ते पाहावे. पाणी कोणते होते, किती वेळ भिजविले, किती वेळ निथळू दिले, हे प्रत्येक आकड्यापुढे लिहिण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, म्हणजे पुढे मोठ्या यंत्रांचे आकडे वाचतानाही तो तेच प्रश्न विचारील.

ग्रॅहमने डिंक आणि स्फटिक यांच्यामध्ये रेषा ओढली. क्ष-किरणांनी ती पुसून टाकली. हे शक्य झाले, कारण शास्त्रज्ञांनी नव्या साधनाला नेमके प्रश्न विचारले आणि त्याच्या उत्तरांची पुन्हा पुन्हा फेरतपासणी केली. आजची साधने त्या काळापेक्षा कितीतरी समर्थ आहेत. त्यांच्यापुढे ठेवलेला नमुना कोणत्या अवस्थेतून गेला, हे मात्र यंत्र आपण होऊन सांगत नाही. ते परीक्षकानेच सांगावयाचे असते.